पहिलं गिऱ्हाईक

नवतपाचा तिसरा दिवस.
मशीन म्हणालं, अपडेट सुरू आहे, बंद करू नका.
मी कुठे बंद करून राहिले होते?
शहीद चौकातली डीपी उडाली,
यूपीएस चारदा केकाटलं, तेवढीच त्याची ऐपत,
आणि अडतीस टक्क्यांवर
इतवारी काळी झाली.

वीज आली पहाटे.
कूलरनं आधी धूळ फेकली, मग वाळ्याचा वास.
पडदा निळा. त्यावर एक वाक्य इंग्रजीत,
सांत्वनाला आलेल्या परक्या माणसासारखं
दारातच उभं.
पुन्हा सुरू, पुन्हा निळा.
सात वेळा मोजलं, मग सोडलं.

साडेनऊला कापसे येणार होते,
मुलीच्या तीनशे पत्रिका, नावं सगळी आत.
आत म्हणजे कुठे,
हे अकरा वर्षांत विचारायची वेळ आली नव्हती.

जुनैद आला मोमिनपुऱ्याहून, हेल्मेटसकट.
"काऊन घाबरून राहिल्या ताई? डिस्क जिवंत आहे, बस."
किल्ल्यांच्या जुडग्यातला पेनड्राइव्ह खोचला
आणि मशीनला दुसऱ्याच्या डोक्यानं जागं केलं.

करडा, अनोळखी पडदा. त्यात माझं सामान,
घर रंगवताना अंगणात काढून ठेवल्यासारखं.
फायनल. फायनल पक्की. फायनल आता बदल नाही.
नवीन फोल्डर एकवीस.
धकाते तेरवी, उघडून बघितली तर वर गणपती तसाच.
त्याच माणसाच्या लग्नपत्रिकेवर
मी नुसता मजकूर बदलला होता.
जुनैदनं पाहिलं. बोलला नाही.
कॉपीची हिरवी पट्टी सरकू दिली.

"आता जुनी प्रत टाकतो." मार्चची,
कपाटातल्या हार्ड डिस्कवरची. ती वृंदानं काढलेली,
कुलूप लावून तीनदा ओढून बघणारी बाई.
मी हसले होते तेव्हा.
"मार्चनंतर जे लावलं ते जाईल बरं."
काय लावलं होतं मार्चनंतर?
एक प्रिंटर. एक फॉन्ट, ज्यात ळ वाकडा येतो.
आणि दुकानाच्या पाटीवर पांढरा रंग,
तिच्या आडनावावर, दोन हात.
उन्हं चढली की तरी दिसतं.

कापसे तोवर दोनदा तर्री-पोहे खाऊन आले.

मशीन उठलं. पडद्यावर दोन नावं.
माझं, आणि खाली वृंदा मौंदेकर,
अंबाझरीच्या बांधावरचा फोटो,
ओढणी तोंडाला गुंडाळलेली, नुसते डोळे.
हे खातं एप्रिलात मीच पुसलं होतं.
खात्री आहे का, असं मशीननं विचारलंही होतं.
"हे उडवू का?"
राहू दे बाप्पा, मी म्हटलं.

तो सहाशे घेऊन गेला.
मी तिच्या नावावर क्लिक केलं, काहीतरी टाइप केलं.
चूक. खाली तिनं लिहून ठेवलेला संकेत:
पहिलं गिऱ्हाईक.

हे तर मला झोपेतही येईल. निमजे मास्तर,
शाळेचे दाखले, चाळीस रुपये,
त्यातली एक दहाची नोट आम्ही मोडलीच नव्हती.
निमजे. चूक.
इंग्रजी स्पेलिंगनं निमजे. चूक.

बराच वेळ कूलर ऐकत बसले.
तिच्या हिशेबात पहिला कदाचित तो म्हातारा,
शटर अर्धंच वर असताना वाकून आत आलेला.
भाव विचारला, पंख्याखाली बसून पाणी प्यायला,
काही न छापता निघून गेला.
मी त्याला गिऱ्हाईक धरलंच नव्हतं.
तिनं त्याला नाव विचारलं होतं,
ग्लास विसळता विसळता.
त्यानं सांगितलंही होतं.

"ताई, झालं का मग?" कापसे दारात.
मी माझ्या नावावर आले,
फायनल आता बदल नाही उघडली,
जुन्या फॉन्टात टाकून पहिली प्रत काढली.
मंगळवारचा ळ
सरळ उमटला होता.